पावसाळ्यात सकाळी सुरू न होणारी जुनी ८००: आधी गळती शोधा

आमच्याकडे १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण कार्बोरेटर करतो). वडिलांनी घेतली, आता मी वापरतो. संगमेश्वर तालुक्यात राहतो, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी भिजलेल्या हवेतच असते. सलग दोन पावसाळे या गाडीने एकच त्रास दिला: सकाळी सुरू होत नाही. गॅरेजमध्ये नेली की आठ-पंधरा दिवस बरी चालायची, पुन्हा तेच. पहिल्या वर्षी बॅटरी नवी झाली, कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग) नवी झाली, प्लग दोनदा बदलले, डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगला आळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप दोनदा बदलली. दुसऱ्या वर्षी तिसरी कॅप घालायची वेळ आली तेव्हा मी थांबलो. वडिलांना तपासणीसाठी सकाळी सहाला रत्नागिरीला न्यायचं आणि गाडी दारात कुरकुरत उभी, हे पुन्हा नको होतं.

शेजारी एक काका राहतात, एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. म्हणाले, "आधी वही कर. ज्या दिवशी सुरू होत नाही त्या दिवशी लिही: रात्री पाऊस होता का, गाडी किती दिवस उभी होती, तोंड चढाला होतं की उताराला, आणि सेल्फ मारल्यावर आवाज कसा आला."

तीन आठवडे लिहिलं. त्यातून जे दिसलं ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. मी ज्याला एक त्रास समजत होतो ते तीन त्रास होते, आणि तिन्हींच्या मुळाशी कुठली ना कुठली गळती होती. एकीकडे ऑइल बाहेर येत होतं, दुसरीकडे पेट्रोल मागे जात होतं, तिसरीकडे करंट वाहून जात होता. गॅरेजवाला दर वेळी एकच भाग बदलायचा, म्हणून आठ दिवस बरं वाटायचं.

आवाज ओळखा

चावी फिरवल्यावर नुसता एकच 'टक्' आला आणि पुढे काही नाही, तर सेल्फची वायर, सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा स्विच) किंवा अर्थिंग (बॅटरीच्या मायनसपासून गाडीच्या बॉडीपर्यंतची जोडणी) बघा. 'टकटकटकटक' असा झरझर आवाज म्हणजे बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल सैल आहे. 'कुर्रर... कुर्रर...' असं जड फिरतंय तर बॅटरी अर्धी आहे किंवा जाड वायरीच्या टोकाला गंज आहे. इंजिन नेहमीच्या वेगाने खणखणीत फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीचा दोष नाही. ठिणगी नाही किंवा पेट्रोल नाही. हा शेवटचा आवाज ऐकूनही माझी बॅटरी बदलली गेली होती.

वहीत तीन नोंदी पुन्हा पुन्हा येत होत्या. रात्री पाऊस पडला असेल तर इंजिन खणखणीत फिरतं पण पेट घेत नाही. गाडी चढाकडे तोंड करून लावली असेल तर सुरू होते, दहा-पंधरा सेकंद चालते, बंद पडते आणि मग बराच वेळ सेल्फ मारत बसावं लागतं. दोन दिवस उभी राहिली तर जड कुर्रर.

पावसाळी सकाळ: डिस्ट्रिब्युटरमध्ये ऑइल

गॅरेजात ज्याला डेल्को म्हणतात तो डिस्ट्रिब्युटर या इंजिनात हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो आणि कॅमशाफ्टवर (झडपा उघडणाऱ्या दांड्यावर) फिरतो. कॅपच्या दोन क्लिपा सोडल्या की कॅप हातात येते. प्लगच्या वायरी कुठल्या कुठे जातात याचा मोबाइलवर फोटो आधी काढा. तीन सिलिंडर, क्रम १-३-२. एक वायर चुकली की नवीनच त्रास सुरू.

कॅप उन्हात धरून आतून बघितली. आत ऑइलचा पातळ थर, त्यावर काळी भुकटी बसलेली, आणि दोन पितळी टोकांच्या मधोमध पेन्सिलने ओढावी तशी एक वाकडीतिकडी बारीक रेघ. नखाने घासली तरी जात नव्हती. ती रेघ कार्बनची. उच्च दाबाची वीज प्लगकडे जायची सोडून त्या रेघेवरून शेजारच्या टोकाकडे पळते. हवा कोरडी असते तोवर निभावतं. दमट हवेत ऑइलच्या थरावर बाष्प बसलं की सगळी वीज आतल्या आत संपते. म्हणून माझी गाडी दुपारी उन्हात बिनतक्रार सुरू व्हायची आणि गॅरेजवाल्याला दोष सापडायचा नाही.

तुमच्याकडे हेच होतंय का ते बघायला रात्री अंधारात इंजिन चालू ठेवा, बोनेट उघडा आणि इस्त्रीच्या कपड्यांवर मारतो तसा पाण्याचा अगदी बारीक फवारा कॅपवर आणि प्लगच्या वायरींवर मारा. वीज बाहेर पळत असेल तर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात आणि इंजिन अडखळतं. वायरींना हात लावू नका, झटका जोराचा असतो. सैल बाह्या आणि ओढणी पंख्यापासून लांब ठेवा. मात्र वीज कॅपच्या आत पळत असेल तर बाहेरून काही दिसणार नाही. त्यासाठी कॅप उघडून उजेडात बघणं हाच मार्ग.

त्या सकाळपुरता उपाय सोपा आहे. कॅप उतरवा, कोरड्या सुती कापडाने आतून, रोटरवरून (कॅपखाली फिरणारा तुकडा) आणि वायरींच्या रबरी टोप्यांमधून पुसून घ्या, डब्ल्यूडी-४० चा हलका फवारा मारून पुन्हा पुसा. बहुतेक वेळा गाडी सुरू होते. रेघ पडलेली कॅप मात्र बदलावीच लागते, घासून ती पुरती जात नाही.

पण मी तर कॅप आधी दोनदा बदललेली! ऑइल आत येत होतं तोवर नवी कॅपही तीन-चार महिन्यांत तशीच होणार. ऑइल येतं कुठून? डिस्ट्रिब्युटर हेडमध्ये बसतो तिथे एक रबरी ओ-रिंग असते, ती कडक झाली की ऑइल बाहेरून ओघळतं आणि खाली बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथल्या आवरणावर) जमा होतं. हे बघून 'क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल' असं मला एका ठिकाणी सांगितलं होतं. गिअरबॉक्स उतरवण्याआधी वर हात घालून डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी ओलं आहे का ते बघा. कोरडं कापड बांधून दोन दिवस गाडी चालवली तर लगेच कळतं. शाफ्टवर आतलं एक सील असतं. ते गेलं की ऑइल कॅपच्या आत चढतं. माझ्याकडे दोन्ही गेली होती.

ओ-रिंग घरी बदलता येते. डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी त्याच्या बॉडीवर आणि हेडवर पांढऱ्या रंगाने एकच सरळ खूण करा, रोटरचं टोक कुठे बघतंय तेही खुणेने टिपा. काढल्यावर इंजिन अजिबात फिरवू नका, सेल्फही मारू नका. नवी रिंग जुन्याच जाडीची आणि घेराची हवी. दुकानात जुनी घेऊन जा. बसवताना तिला ऑइलचं बोट लावा. खूण खुणेला जुळली तरी नंतर टायमिंग लाइटने टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) तपासून घ्या, कारण केसभर फिरलं तरी इंजिन ओढत नाही किंवा ठोकायला लागतं. शाफ्टचं सील मी स्वतः बदललं नाही, काकांकडून करून घेतलं. शाफ्ट बाहेर काढून परत बसवणं हे सरावाचं काम आहे, पहिल्या प्रयत्नाचं नाही.

सील पुन्हा पुन्हा का जातात

हा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या गाडीचं टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंगही दीड वर्षात दोनदा बदललं होतं आणि दोन्ही वेळा महिनाभरात कडेने ऑइल झिरपायला लागलं. पॅकिंग नकली होतं, बोल्ट नीट आवळले नाहीत, असं आम्ही धरून चाललो होतो.

इंजिन चालताना पिस्टनच्या रिंगांवरून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोटात) उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. तो बाहेर जायला टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे एक काळी नळी जाते, तिला ब्रीदर म्हणतात. ही नळी तुंबली की गॅसला वाट राहत नाही. इंजिनात दाब साठतो आणि तो ऑइलला जिथे रबर कमकुवत असेल तिथून बाहेर ढकलतो: टॅपेट पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरचं सील, डिपस्टिकची नळी, क्रँकचं सील. तुम्ही एक जागा बुजवली की तो दुसरी शोधतो.

तपासायला पैसा लागत नाही. इंजिन गरम झाल्यावर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) सोडा, ऑइल टाकायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर वहीचा एक कागद ठेवा. कागद हलका आत ओढला गेला किंवा नुसता थरथरला तर ठीक. फडफडून उडाला तर आत दाब आहे. आमचा कागद उडून थेट बॅटरीवर जाऊन पडला.

नळी काढली तेव्हा एअर क्लीनरच्या टोकाला काळ्या लोण्यासारखा गाळ घट्ट बसला होता, बोटाने टोकरून काढावा लागला. आमच्याकडे दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या जास्त. इंजिन पुरतं तापत नाही, आतलं बाष्प उडून जात नाही, ते ऑइलमध्ये मिसळून असा गाळ होतो. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट कॉफीच्या रंगाचा फेस दिसला तर हीच सुरुवात समजा. पण त्याच वेळी रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटची (हेडखालच्या पॅकिंगची) शंका घ्या आणि गाडी चालवणं थांबवा. नळी रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने धुतली, पूर्ण वाळवली, परत लावली. कागद पुन्हा ठेवला, जागेवर राहिला.

त्यानंतर तिसरं टॅपेट पॅकिंग बसवलं, ते दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्टपासून कोरडं आहे. बसवताना दोन्ही कडा जुन्या रबराच्या कणांपासून स्वच्छ करा, लोखंडी पट्टीने खरवडू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे, चरे पडतात. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. जोर लावला की गळती थांबेल असं वाटतं, पण पॅकिंग चिरतं आणि पुन्हा सुरुवातीपासून काम. सगळीकडे सिलिकॉनचा लपेडा मारणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, नका करू. जादा सिलिकॉन आत सुटतं आणि ऑइलच्या वाटा तुंबवतं.

नळी साफ असूनही कागद उडत असेल आणि मागून निळा धूर येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. कंप्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घ्या. ते घरचं काम नाही.

चढावर लावली की बंद पडते

पेट्रोलची टाकी मागे, पंप पुढे. कार्बोरेटरवाल्या ८०० मध्ये पंप यांत्रिक असतो, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालतो आणि पेट्रोल मागून ओढून आणतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळीला बारीक चीर पडली तर गंमत अशी की पेट्रोल टपकत नाही, कारण तिथे ओढ असते. चिरेतून हवा आत जाते. गाडी बंद झाली, त्यातही तोंड वर असेल, की नळीतलं सगळं पेट्रोल टाकीत परत उतरतं. सकाळी कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते, ते संपलं की बंद. मग रिकामी नळी भरेपर्यंत सेल्फ मारत बसा.

खात्रीसाठी पारदर्शक फिल्टर लावा आणि इंजिन चालू असताना बघा. सतत बुडबुडे येत असतील तर पंपाच्या मागे कुठेतरी हवा घुसते आहे. आमच्याकडे टाकीजवळच्या वीतभर रबरी तुकड्याला वाकवलं की केसासारख्या भेगा दिसत होत्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि १९९० च्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. म्हणून नवी नळी साधी घेऊ नका. जिच्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं ती मागा. क्लिपाही नव्याच घाला.

हे काम उघड्यावर, टाकीत पेट्रोल कमी असताना, बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून करा. जवळपास देवघरातला दिवासुद्धा नको. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर विसंबून कधीच जाऊ नका; स्टँड लावा, चाकांना दगड लावा.

जाता जाता डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल तर पंपाचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल इंजिनात उतरतं आहे. अशा ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंगं जातात. पंप आणि ऑइल दोन्ही बदला, मगच सेल्फ मारा. आणि चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणाऱ्या झडपेची) केबल ओढल्यावर कार्बोरेटरची झडप खरंच पूर्ण बंद होते का, हेही एअर क्लीनर उघडून एकदा डोळ्यांनी बघा. केबल सरकलेली असते आणि आपण नुसतं बटण ओढत बसतो.

दोन दिवस उभी राहिली की जड फिरते

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, जुन्या गाडीवाल्याकडे तो हवाच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या खाली म्हणजे अर्ध्याहून कमी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा.

आमचे आकडे चालू इंजिनला बरोबर, पण सकाळी कमी. म्हणजे रात्री करंट कुठेतरी जात होता. सगळं बंद करून, दारं लावून, मायनस टर्मिनल काढलं आणि मीटर १० अँपिअरवर लावून टर्मिनल आणि वायर यांच्या मध्ये जोडलं. या स्थितीत सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतो. आकडा आला ०.२८ अँपिअर. अशा साध्या गाडीत ०.०५ च्या आत असायला हवा. ०.२८ म्हणजे दोन दिवसांत जवळजवळ साडेतेरा अँपिअर-तास, आणि बॅटरी ३५ ची. एकेक फ्यूज काढत गेलो. स्टिरिओचा काढला आणि आकडा ०.०२ वर आला. स्टिरिओ बसवणाऱ्याने पिवळी आणि लाल दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या लाइनवर जोडल्या होत्या. लाल वायर चावीच्या लाइनवर घेतली, प्रश्न मिटला.

तरीही सेल्फला पहिला जोर नव्हता. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं गिअरबॉक्सच्या बॉडीवर धरलं आणि घरच्याला सेल्फ मारायला सांगितलं: ०.९ व्होल्ट. तिथे जास्तीत जास्त ०.२ हवेत. अर्थिंगच्या पट्टीखाली हिरवट गंज होता. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकाकेपर्यंत घासल्या, आवळल्या, वरून व्हॅसलिन लावलं. टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

आत पायाखाली पाणी येत असेल तर तेही याच यादीत घ्या, कारण या गाडीत फ्यूज बॉक्स चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली आहे आणि काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी वायरींवरून तिथे पोचतं. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने नळीने काचेच्या खालच्या कडेपासून हळूहळू वर पाणी सोडायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच येतंय असं वाटतं. वायपरखालच्या खाचेत साठलेला पालापाचोळा दर पावसाळ्याआधी काढा.

गाडी गरम असताना बंद केली की पंधरा-वीस मिनिटं सुरू होत नाही, हा वेगळा त्रास आहे. ओलं फडकं पेट्रोल पंपावर ठेवून सुरू झाली तर पेट्रोलची वाफ अडकते आहे. नाही झाली तर कॉइल तापल्यावर दगा देते आहे का ते बघा.

गळती कुठून, हे शोधायची घरगुती रीत

इंजिन थंड असताना रॉकेल आणि ब्रशने धुवा, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधून. वाळल्यावर संशयाच्या जागेवर पावडर भुरभुरा आणि दहा किलोमीटर फिरून या. पावडर जिथे सगळ्यात वर भिजली तिथे गळतीचं मूळ; खालचं सगळं नुसतं ओघळलेलं असतं. रात्री खाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पसरा, त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खडूने आखून ठेवा. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवा आणि चिकट कूलंटचा, घट्ट आणि उग्र वासाचा गिअर ऑइलचा. चाकाच्या आतल्या बाजूला पाण्यासारखा पातळ, बोटाला तेलकट, रंग पिवळसर असा डाग दिसला तर तो ब्रेक ऑइलचा. गाडी तिथून हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

यंदाच्या पावसाळ्यात वहीत 'सुरू झाली नाही' अशी एकही नोंद नाही. पुठ्ठ्यावर मात्र उजव्या चाकाच्या आत रोज रुपयाएवढा एक डाग पडतो, गिअर ऑइलचा. ॲक्सल जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं सील आहे. पातळी दर पंधरा दिवसांनी बघतोय, सील आणून ठेवलंय, दिवाळीच्या सुट्टीत काकांना घेऊन ते काम करायचं आहे.